जे आधी होईल ते

ट्रकचा भार शॉकप उचलतो, अशी बऱ्याच जणांची प्रामाणिक समजूत असते. भार उचलतात ते पाटे. खड्डा आला की पाटे दबतात, दबले की उसळतात, उसळले की पुन्हा दबतात, आणि कुणी आवरलं नाही तर हा नाच पुढच्या खड्ड्यापर्यंत चालू राहतो. आवरायचं काम शॉकपचं. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. धुरा हलला की तेल त्या भोकांतून रेटलं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन हवेत जाते. म्हणून जाणता ड्रायव्हर धाब्यावर गाडी लावली की जेवणाआधी शॉकपला हात लावून बघतो. सगळे गरम आणि एकच गार, तर तो गार झालेला खऱ्या अर्थानेही गार झाला. या धंद्यातल्या एका प्रचलित हिशेबाने शॉकप मैलाला सरासरी १७५० वेळा खालीवर होतो. ८०,००० किलोमीटरला हा आकडा पावणेनऊ कोटींच्या घरात जातो. इतक्या वेळा जे काही खालीवर होतं ते झिजतं, आणि झिजायलाच त्याला नेमलेलं असतं. अशा वस्तूसोबत डब्यात जो वॉरंटीचा कागद येतो, त्याचं एक लाडकं कलम असतं : नैसर्गिक झीज यात धरलेली नाही. जावयाला या घरात जन्मभर मान आहे, फक्त त्याने कधी यायचं नाही, असं हे आमंत्रण.

वाहनकंपनीच्या डब्याबाहेर, खुल्या बाजारात मिळणाऱ्या शॉकपची वॉरंटी खोटी असते असा आरोप मी करणार नाही. ती अगदी खरी असते. फक्त ती दुसऱ्याच कुठल्यातरी ट्रकला दिलेली असते. कागदातली कलमं नीट वाचत गेलं की तो ट्रक डोळ्यांपुढे उभा राहतो. तो जास्त चालत नाही, कारण मुदत असते 'एक वर्ष किंवा अमुक किलोमीटर, जे आधी होईल ते'. समजा ते अमुक ५०,००० आहेत. रोज साडेतीनशे किलोमीटर धावणारा ट्रक ते पाच महिन्यांच्या आत संपवतो, म्हणजे दसऱ्याला बसवलेल्या शॉकपचं वर्ष होळीला भरतं. ज्याला पुरं वर्ष हवं असेल त्याने गाडी दिवसाला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर थांबवावी आणि उरलेल्या वेळात बँकेच्या हप्त्याचा विचार करावा. शिवाय तो ट्रक फक्त अधिकृत कार्यशाळेतच आजारी पडतो. रात्री अडीच वाजता घाटात, जिथे एक टपरी, एक बल्ब आणि एक पोरगा एवढीच व्यवस्था आहे, तिथे त्याचं काहीही बिघडत नाही.

कार्यशाळेचा आग्रह मात्र अगदीच पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. दुहेरी नळीचा शॉकप गोदामात आडवा पडून राहिला की आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा असतो, नाहीतर तेलाऐवजी हवाच भोकांतून पळते आणि नवाकोरा शॉकप पहिल्या दिवसापासून म्हाताऱ्यासारखा वागतो. नट आवळायचा तो गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना. जॅकवर आवळला तर गाडी खाली घेताच रबरी बुशला पीळ बसतो आणि तो लवकर फाटतो. सगळ्यात मोठं पातक पकडीचं. नट फिरताना दांडाही फिरतो, म्हणून घाईत दांड्यालाच पकड लावली जाते. त्याच्या चकचकीत क्रोमवर एक ओरखडा पुरे. तो ओरखडा प्रत्येक हेलकाव्याला ऑइल सील कुरतडतो आणि तेल बाहेर येतं. असा शॉकप परत आला तर कंपनीने तो का बदलून द्यावा, या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. प्रश्न उरतो तो पकड न लागलेल्या शॉकपांचा. त्यांना तेल आलं, तर आधी ठरवायचं की ही गळती आहे की नुसता ओलावा. दांड्यासोबत तेलाचा पातळ थर बाहेर येणं हे तांत्रिकदृष्ट्या खरंच स्वाभाविक आहे. पण ओलावा कुठे संपतो आणि गळती कुठे सुरू होते, हे ठरवणारा माणूस कंपनीचा. त्याच्या नजरेतून खाली टपकेपर्यंत सगळा घामच असतो, आणि टपकायला लागलं की तो ओव्हरलोडचा पुरावा होतो.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न दुकानाच्या गल्ल्यावरच येतो. पुण्याची नाना पेठ असो, कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की दिल्लीचं काश्मिरी गेट, स्पेअरपार्टच्या बाजारात तो कानावर येतोच : "बिल करायचंय का?" जुलै २०१७ पासून शॉकपवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला. बिल नको म्हणणारा गिऱ्हाईक तेवढे पैसे वाचवतो आणि त्याच क्षणी वॉरंटी सोडून देतो, कारण पक्क्या बिलाशिवाय दावा नाही. याला मूर्खपणा म्हणणारे लोक भेटतात. मला तर हा फार बारकाईने केलेला हिशेब वाटतो. शेकडा अठ्ठावीस देऊन जे मिळायचं त्याची किंमत आपला ट्रकवाला अनेक वर्षांच्या अनुभवाने शून्य धरायचा, आणि शून्यासाठी कोणी अठ्ठावीस देत नाही. पुढे कर दहा टक्क्यांनी उतरला, वॉरंटीची किंमत मात्र होती तिथेच राहिली.

आता रस्ता. वॉरंटीच्या कागदावर 'अयोग्य रस्त्यावरील वापर' असं काहीतरी असतं, आणि डब्यावर बहुधा दगडधोंड्यांवरून उडी मारणाऱ्या ट्रकचं रंगीत चित्र. चित्र रंगवणारा आणि कलम लिहिणारा यांची एकमेकांशी गाठ घालून दिली पाहिजे. आपल्याकडे योग्य रस्ता कागदावर आहे, नाही असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गतिरोधकाची गोलाई १७ मीटर त्रिज्येची, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर आहे, म्हणजे वाहन ताशी पंचवीसच्या वेगाने सुखाने पार व्हावं. गावाने स्वतःच्या सुरक्षेसाठी एका रात्रीत उभारलेला गतिरोधक उंचीत मानक सहज पार करतो आणि रुंदीत काटकसर करतो. पण यापेक्षा सुंदर गोष्ट अशी की रस्त्यालाही वॉरंटी असते. तिला 'दोष दायित्व कालावधी' असं भारदस्त नाव आहे. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने दुरुस्त करायचा. रस्ता उखडल्यावर ठेकेदार काय म्हणतो? ओव्हरलोड ट्रकांनी उखडला. शॉकप फुटल्यावर कंपनी काय म्हणते? खराब रस्त्याने फुटला. दोघंही खरं बोलतात, हीच पंचाईत आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात सैनिकांना ट्रक देऊन आखीव वळशांवर फिरवत ठेवलं आणि रस्ते मुद्दाम झिजवले. त्यातून निघालेला ठोकताळा असा की धुऱ्यावरचा भार वाढला की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका धुऱ्याची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार वाढला तेरा टक्क्यांच्या आसपास. चौथ्या घाताने रस्त्याचं नुकसान वाढतं साठ टक्क्यांहून जास्त, आणि हे सगळं कायद्याच्या आत राहून. म्हणजे ट्रक रस्ता फोडतो, फुटलेला रस्ता शॉकप फोडतो, गेलेला शॉकप धुऱ्याला नाचवतो, आणि नाचणारा धुरा रस्त्यावर जास्तच जोरात आपटतो. या फेऱ्यात दोन वॉरंट्या आहेत आणि प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेतली आहे.

कंपनीची बाजू घेणारा इथे म्हणेल, तुमचे ट्रकवाले खरंच ओव्हरलोड करतात, खोटे दावे आणतात, दुसऱ्याच्या जुन्या शॉकपला रंग मारून 'नवा होता' म्हणतात. करतात. ओव्हरलोडला २०१९ पासून वीस हजार दंड आणि वर टनाला दोन हजार, तरीही काट्यावर गाड्या सापडतातच. पण मग विकणाऱ्याने ठरवावं. इथला माल, इथले रस्ते आणि इथली माणसं त्याला डब्यावर 'हेवी ड्यूटी' छापताना ठाऊक असतात, दावा आल्यावर मात्र त्यांचा शोध नव्याने लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंमतीचा आहे. आपल्याकडच्या अनेक जुन्या ट्रकांना मागच्या धुऱ्यावर शॉकप नसतोच; पाट्यावर पाटा घासून उसळी थोडीफार मरते, म्हणून चालून जातं. मग इतकं अडलंय कशाला? अडलंय ते पुढच्या धुऱ्यावर. तिथला शॉकप गेला की गाडी लगेच थांबत नाही, आधी टायर खाऊ लागते. टायरचं बिल येईपर्यंत शॉकपची मुदत संपलेली असते, आणि टायर, क्रेन, बुडालेलं भाडं यांची भरपाई वॉरंटी देत नाही. ती देते एक शॉकप, मजुरी सोडून. त्याच कंपनीच्या माहितीपत्रकात 'शॉकप नेहमी जोडीने बदला' असा सल्ला असतो. म्हणजे दावा मंजूर झालाच, तर कंपनी स्वखर्चाने तुमच्याकडून स्वतःचाच सल्ला मोडून घेते.

कोर्टात जा, असंही कुणी म्हणेल. दार उघडं आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे की पोट भरण्यासाठी स्वतः ट्रक चालवणारा खरेदीदार हा ग्राहक आहे, आणि हाताखाली एक-दोन माणसं घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. म्हणजे किन्नर (क्लीनर) ठेवायला घाबरायचं कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही नाही. पण दोष उत्पादनातला आहे हे ठरवायला नमुना प्रयोगशाळेत जाऊ शकतो आणि त्याचे पैसे आधी तक्रारदाराने भरायचे असतात. दोन-तीन हजारांच्या शॉकपसाठी हे सगळं करणारा माणूस ध्येयवादी असावा लागतो, आणि ध्येयवादी माणसाचा ट्रक तारखांच्या दिवशी उभा असतो.

उपाय आहे, तो जुना आहे आणि बदनाम आहे : उधारी. सरकार रस्ता विकत घेतं तेव्हा ठेकेदाराच्या शब्दावर विसंबत नाही. त्याची सुरक्षा ठेव धरून ठेवतं. खड्डे तरीही पडतात हे खरं, पण ठेव धरणाऱ्यानेच खड्ड्याकडे बघायचं टाळलं तर दोष ठेवीचा नाही. ट्रकवाल्याला बघणं टाळता येत नाही, तो त्या खड्ड्यातूनच जात असतो. म्हणून ट्रकवाल्याने दुकानदाराकडे चार शॉकपांचे पैसे देताना एकाचे मागे ठेवावेत. ज्याचे पैसे अडकलेत तो दुकानदार शॉकप ओला आहे की गळतोय यावर वाद घालत बसत नाही, तो पोराला गाडीखाली पाठवतो. दुकानदार अर्थातच नाही म्हणेल. त्याच्या डोक्यावर 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी लटकते आणि तिच्याच शेजारी 'एक वर्षाची वॉरंटी' ही दुसरी. स्वतः एका दिवसाचा भरवसा न ठेवणारा गृहस्थ समोरच्याकडे वर्षभराचा मागतो, हे त्याला गोड शब्दांत दाखवून द्यावं. मग घासाघीस करावी. मुदतीला माझी हरकत नाही. कंपनीचंच वाक्य घेऊ. उरलेले पैसे सहा महिन्यांनी किंवा शॉकपने पहिली होळी पाहिल्यावर, जे नंतर होईल ते.