आधी डिकी उघडा, मग आरसी

भिलाईच्या मरोदा सेक्टरातल्या घराला गाडी नेमकी कशाला लागते? ड्युटीला स्कूटर आहे, स्टील प्लांटचं बोरिया गेट काही लांब नाही. गाडी निघते ती रविवारी, दवाखान्यासाठी आणि लग्नसराईत नागपूरला. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ.

हा आकडा आधी लिहून काढा. बाकी सगळं त्यावर ठरतं.

घडतं उलटंच. आधी शोरूम, मग सनरूफ, मग हप्ता, आणि गाडी चालणार किती हा प्रश्न घरी परतताना. मे महिन्यात पारा ४४च्या पुढे जातो त्या गावात छताला काच हवी कशाला?

हप्त्याचंच बघा. आठ लाखांचं कर्ज, व्याज ९ टक्के. पाच वर्षांसाठी हप्ता साधारण १६,६०० रुपये. सेल्समन म्हणतो, सात वर्षांचं करा, १२,९००मध्ये बसतं. हप्ता हलका होतो, खरं आहे. एकूण व्याज मात्र दोन लाखांवरून पावणेतीन लाखांच्या पुढे जातं. हे वरचे पंच्याऐंशी हजार कशाचे?

नुसत्या वेळेचे.

आता गाडी कोणती? माझं मत सेडानला. का? कारण सगळे एसयूव्हीच्या मागे लागलेत. देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त मोटारी आता त्याच प्रकारातल्या. जिथे गर्दी कमी, तिथे घासाघीस करता येते. शिवाय सामानाला झाकलेली डिकी, आणि हमरस्त्यावर जमिनीला धरून चालणारी गाडी. एक मात्र खरं, बैठक खाली असते. म्हणून आजीला शोरूममध्ये घेऊन जा आणि दोनदा बसवून-उठवून बघा. गुडघ्यांचं उत्तर माहितीपत्रकात नसतं.

डिकीही उघडून बघाच. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा कर कमी झाला आणि लांबीची रेघ चार मीटरवर ओढली गेली. २००८ची पहिली डिझायर ४,१६० मिलिमीटर लांब होती, डिकी ४४० लिटरची. २०१२मध्ये तीच गाडी ३,९९५ मिलिमीटरवर आली, डिकी ३१६ लिटरवर. आता ती ३८२ लिटरची आहे. गाडी कापली ती करासाठी, आणि बॅग मांडीवर आली आपल्या. सीएनजीचं एकच मोठं सिलिंडर असलं तर उरलेली डिकीही गेली. नागपूरच्या लग्नाला चार जणांचं सामान घेऊन जाणार आहात ना? मग घरची सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या आणि तिथेच ठेवून बघा.

नव्या गाडीचा हिशेब २२ सप्टेंबर २०२५ला बदलला. चार मीटरच्या आतली, १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २८ टक्के जीएसटी आणि वरच्या उपकरातून निघून १८ टक्क्यांवर आली. नवी स्वस्त झाली की जुनीनंही उतरायला हवं. पण जुनी गाडी विकणारा भाव काढतो तो नवीच्या जुन्या किमतीवरून. त्याला आजची किंमत दाखवा, मग बोलणी सुरू करा.

सुरक्षेच्या ताऱ्यांचंही तसंच. २०२४च्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, चांगलंच झालं. पण ते तारे त्या गाडीचे. २०१५च्या डिझायरला ते लागू नाहीत. नाव तेच, पत्रा वेगळा.

जुनी घेताना सोपी खूणगाठ बांधा: २०२२ किंवा त्यानंतर बनलेली. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग तोवर सगळ्या मोटारींना सक्तीच्या झाल्या होत्या. त्याआधीची घेणार असाल तर बायकोच्या सीटसमोर एअरबॅग आहे का, हे विचारा. अनेक गाड्यांत नाही.

डिझेल? चार मीटरच्या आतल्या नव्या सेडानमध्ये डिझेल आता मिळत नाही. जुन्यात मिळतं, आणि दलाल तेच पुढे करतो. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालवणाऱ्या घराला ते नको. नव्या पिढीच्या डिझेल इंजिनात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला लांबचा, एका वेगाचा प्रवास लागतो. सेक्टरातल्या सेक्टरात फिरलात तर ती तुंबते. मरोद्यातल्या घरानं पेट्रोल घ्यावं, इतकं सरळ आहे हे.

टोयोटाची इटिऑस २०१०च्या अखेरीस आली, २०२०मध्ये बंद झाली. इंजिन दणकट, म्हणूनच टॅक्सीवाल्यांची लाडकी. आज पांढऱ्या पाटीची इटिऑस कोणी दाखवली तर पहिला प्रश्न हाच: पाटी आधी पिवळी होती का? आरसीचा इतिहास आरटीओत निघतो. डेंटिंग-पेंटिंगनं तो पुसला जात नाही.

परवा एका ओळखीच्या काकांसोबत रिसालीत गाडी बघायला गेलो होतो. पांढरी सेडान, २०१७ची, मीटर ४१ हजार. दलाल म्हणाला, "भैया, घर की गाड़ी है, एक हाथ चली है." धुऊन-पुसून चकचकीत. काका पंधरा मिनिटांत हरखले.

मी टायरजवळ बसलो. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे १४२१ होतं. म्हणजे २०२१चा चौदावा आठवडा. गाडीसोबत आलेले टायर चार वर्षांत संपले, आणि हे दुसरे चारही गुळगुळीत झालेले. टायरचे दोन संच झिजवून गाडी ४१ हजारच चालली?

मग ब्रेकच्या पेडलवर बोट फिरवलं. रबराच्या रेघा बुजून सपाट झाल्या होत्या. स्टेअरिंगची वरची कड तेलकट चमकत होती. बॉनेट हाताला गरम लागलं, म्हणजे आम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलेलं. थंड इंजिन पहिल्या चावीला काय आवाज करतं, तेच तर ऐकायचं होतं! सर्व्हिसचं पुस्तक मागितलं तर ते हरवलेलं. पुस्तक हरवेल, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद कशी हरवेल? गाडीचा नंबर द्या, आम्ही विचारतो, म्हटल्यावर दलालाला फोन आला.

काकांनी टोकनसाठी आणलेले अकरा हजार खिशातच ठेवले.

हे सगळं बघायला मेकॅनिकही लागत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला मातीचा डाग दिसला तर गाडी पाण्यात बसलेली असू शकते. स्टेपनी उचलून खालचा पत्रा चाचपा, सुरकुती म्हणजे मागून ठोकलेली. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का बघा. एवढ्यानं शंका राहिली नाही, तर मग पाचशे-हजार देऊन आपला मेकॅनिक आणा. त्यांचा नव्हे, आपला.

आपल्याकडच्या मराठी घरांची आणखी एक सवय: नागपूरच्या मेहुण्याला गाडी बघायला सांगायचं. "भाऊजी, इथे स्वस्त मिळते." मिळत असेल. पण एमएच पाटीची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की नव्यानं नोंदणी लागते. त्यासाठी नागपूरच्या आरटीओची एनओसी हवी, आणि दुर्गला रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. नागपुरात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्याची खेप वेगळी. स्वस्ताईतून हे सगळं वजा करा आणि मग सांगा, काय उरलं?

बोकारो किंवा राउरकेल्याला बदली होऊ शकते अशा स्टील प्लांटच्या माणसाला नव्या गाडीवर बीएच मालिकेचा नंबर घेता येतो. सप्टेंबर २०२१पासून ही सोय आहे, सार्वजनिक उपक्रमांच्या कर्मचाऱ्यांना ती लागू आहे, आणि कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. शोरूमवाला स्वतःहून सांगेलच असं नाही. तुम्ही विचारा.

मग विमा. जुनी गाडी घेतली की विमा आपोआप आपला झाला, असा समज घरोघरी आहे. चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विकणारा तो आपल्यासोबत नेतो.

आता सगळ्यात जड गोष्ट, आणि ती विकणाऱ्यांसाठी. दर वर्षी प्लांटमधून माणसं निवृत्त होतात, क्वार्टर रिकामं करतात, नागपूर-अमरावतीकडे परततात. जाण्याआधीच्या धांदलीत गाडी निघते. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३०वर सह्या, तारीख कोरी, पैसे हातात, चावी घेणाऱ्याच्या हातात. "नाव मी करून घेतो, काका." काका विश्वास ठेवतात.

६ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती, आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी न्यायालयानं आरसीवरच्या मालकावर ठेवली. चावी कुणाकडे होती, हे त्यात महत्त्वाचं ठरलं नाही.

चाळीस वर्षं भट्टीसमोर काढलेल्या माणसाच्या फंडावर दुसऱ्याच्या अपघाताचा बोजा का यावा?

राज्यातल्या राज्यात विकली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे, तीस दिवसांत नाव चढवणं घेणाऱ्याचं. कर्ज होतं तर नमुना ३५ आणि बँकेचं पत्र आधी जोडा. घेणाऱ्याला सोबत घेऊन दुर्गच्या आरटीओत स्वतः जा. काही दिवसांनी एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून बघा.

क्वार्टरची चावी परत करण्याआधी आरसीवर नवं नाव चढलेलं बघा, काका. तोवर नागपूरचं तिकीट काढू नका.