गांडुळांची हजेरी

उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची पीअर टीम येणार असं कळलं की महाविद्यालयात सर्वात आधी धावपळ होते ती गांडुळांची. ग्रंथालयामागच्या खड्ड्यात पाच वर्षांपूर्वी गांडूळखत प्रकल्पाचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाला आणि गांडुळं आपापल्या वाटेनं गेली. आता नवी आणली जातात. शिपाई खड्ड्याच्या कडेला चुना मारतो, प्रयोगशाळा सहायक मोबाइल सरसावतो. साधा फोटो चालत नाही, जिओटॅग हवा. त्यामुळे प्रत्येक गांडुळाचे अक्षांश-रेखांश दप्तरी जमा होतात. तिसऱ्या बाकावरचा विद्यार्थी नेमका कुठे असतो, याची मात्र कुठेच नोंद नसते.

बेंगळुरूस्थित नॅक १९९४ साली स्थापन झाली. सात निकष, एकूण हजार गुण, त्यांचं रूपांतर चारपैकी सरासरीत आणि ३.५१च्या पुढे गेलं की ए++. २०१७ मध्ये पद्धत बदलली, बहुतांश गुण ऑनलाइन भरलेल्या आकडेवारीवर आले आणि महाविद्यालयांत खडूपेक्षा स्कॅनरला बरे दिवस आले.

शिकवण्याला नॅक किंमत देत नाही, हा आरोप मात्र खोटा. संलग्न महाविद्यालयांसाठी हजारपैकी तब्बल ३५० गुण निकष क्रमांक दोनचे, म्हणजे अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाचे आहेत. त्यात मंजूर पदांपैकी पूर्णवेळ प्राध्यापक किती, हेही विचारतात. अनुदानित महाविद्यालयात भरतीला परवानगी सरकारची. ती वर्षानुवर्षं येत नाही आणि गुण कापले जातात महाविद्यालयाचे. रिकाम्या जागी तासिका तत्त्वावरचे सर आणि मॅडम तास घेतात. पण पूर्णवेळच्या रकान्यात त्यांना जागा नाही. थोडक्यात, जे वर्गात आहेत ते रकान्यात नाहीत आणि जे रकान्यात आहेत ते निकष क्रमांक दोनच्या फायली लावत बसलेत.

नॅकला ‘उत्तम प्रथा’ दोनच सांगायच्या असतात. तिसरी कुठे लपवावी, अशी पंचाईत अजून कुणाची झाल्याचं ऐकिवात नाही.

मापणाऱ्यांचं माप कोण काढणार, हा प्रश्नही आडून नाही, उघडच विचारला गेला. नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे भूषण पटवर्धन यांनी प्रक्रियेतल्या गैरप्रकारांकडे बोट दाखवलं आणि २०२३ मध्ये पद सोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं नॅकच्या एका पाहणी समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना अटक केली. आंध्रातल्या एका संस्थेला ए++ मिळावं म्हणून लाच घेतल्याचा आरोप होता. झडतीत रोकड, लॅपटॉप, मोबाइल सापडले. आरोप सिद्ध व्हायचे तेव्हा होतील. पण चौथ्या निकषात ‘माहिती-तंत्रज्ञान सुविधा’ येतात, त्या नेमक्या कोणाच्या, याचा खुलासा मागायला हरकत नव्हती.

आता मूल्यांकनात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या राधाकृष्णन समितीच्या शिफारशींनुसार श्रेणी जाऊन ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘नाही’ एवढंच उरणार, आणि पुढे हौशींसाठी एक ते पाच असे स्तर. महाविद्यालयांपुढे त्यामुळे वेगळीच चिंता उभी राहिली आहे. प्रवेशद्वाराच्या कमानीवर ए++ ही अक्षरं ऑइलपेंटनं, सावली देऊन काढलेली आहेत. पेंटर शिडीवर चढून विचारतो, ही दोन अधिक चिन्हं खरवडू का?

“राहू दे,” खालून प्राचार्य सांगतात. “परत बदललं तर पुन्हा तुझीच मजुरी.”