स्थलांतर झालं, पत्ता राहिला

जळगाव असो की धुळे, सरकारी संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर गेलं की मुख्य पान हमखास उघडतं. मान्यवरांचे फोटो ठसठशीत, खाली सरकती पट्टी. उद्घाटनाला तेवढंच लागतं. आत अर्जाच्या दुव्याला बोट लावा: ४०४. केळीच्या विम्याचा अर्ज शोधणारा शेतकरी विचारतो, "आमना फार्म कथा ग्या, भाऊ?"

फार्म जागेवरच असतो. जुन्या विंडोज सर्व्हरला इंग्रजीतल्या मोठ्या-लहान अक्षरांचं सोयरसुतक नव्हतं, नव्या सर्व्हरवरच्या लिनक्सला आहे. फाइलच्या नावातला एफ मोठा आणि दुव्यातला लहान, एवढ्यावर तो ओळख नाकारतो. पत्ते वळवण्याचे नियम डॉट एचटीअॅक्सेस फाइलमध्ये इमानदारीने लिहिलेले असतात, पण सर्व्हर चालवणाऱ्या अपाचेच्या सेटिंगमध्ये 'अलाउओव्हरराइड नन' असेल तर ती फाइल उघडूनही बघितली जात नाही. आपल्या तक्रारअर्जांचं जे होतं, तेच.

गंमत म्हणजे जुना पत्ता नव्याकडे वळवण्याचं हे काम महसूल खात्याला नवं नाही. १९४७च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगावी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा कोणता जुना नंबर कोणत्या गटात गेला, याचा तक्ता हाताने लिहून ठेवला होता. सर्व्हरच्या भाषेत तो ३०१, म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला, इकडे जा'. आता तसा तक्ता मागितला तर ठेकेदार म्हणतो, "ते टेंडरमध्ये नव्हतं."

भिंतीवरच्या पोस्टरवर मात्र जुन्याच पत्त्याचा क्यूआर कोड आहे. लॅमिनेट केलेला.