निमुळतं टोक

रक्तदाबाची गोळी पंगतीत चारचौघांदेखत घेता येते. मधुमेह तर आता प्रतिष्ठेतच मोडतो. जिलबीला नको म्हणताना माणूस केवढा थोर दिसतो! मूळव्याधीला मात्र समाजात स्थान नाही. म्हणजे स्थान आहे, पण सांगण्यासारखं नाही. वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला याच दुखण्यामुळे घोड्यावर बसवत नव्हतं, असं काही जण मानतात, काही मानत नाहीत. मी मानतो. हरायचंच तर सोबत तरी बरी असावी.

डॉक्टरांनी इसबगोल, भरपूर पाणी, कोमट पाण्याच्या टबात बसणं आणि सपोझिटरी असं लिहून दिलं. व्याख्यानांमुळे गावात आपल्याला सगळे ओळखतात, असा माझा समज आहे. म्हणून पेठेतलं दुकान टाळून नदीपलीकडे गेलो. तिथल्या पोराने चिठ्ठी वाचली आणि गर्दीवरून ओरडून सांगितलं, "काका, ही गिळायची नाही बरं का! खालून घ्यायची!" मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "सर, तुमचं परवाचं ज्ञानेश्वरीवरचं निरूपण फार सुंदर झालं."

गोळीला एक टोक निमुळतं, दुसरं बोथट. घालायचं कुठलं आधी? निमुळतं, असं कोणीही म्हणेल. पण १९९१ साली ‘लॅन्सेट’सारख्या भारदस्त वैद्यकीय नियतकालिकात इजिप्तच्या डॉक्टरांचा यावरच निबंध आला होता. त्यांचं म्हणणं, बोथट बाजू आधी घाला. मग गुदद्वाराचा स्नायू निमुळत्या टोकावर मिटत जातो आणि गोळी आपोआप आत सरकते, बोट मागोमाग घालावं लागत नाही. आजही अनेक खोक्यांतल्या माहितीपत्रकांवर निमुळतं टोकच पुढे असतं. म्हणजे या बाबतीत विद्वानांत दुफळी आहे, आणि मी आयुष्यभर द्वैत-अद्वैतावर बोलत राहिलो! आता माझा पक्ष ठरला आहे. डाव्या कुशीवर वळून, गुडघा पोटाशी घेऊन, बोथट बाजू आधी. नंतर थोडा वेळ तसंच पडून राहायचं. घरात कोणी विचारलं तर वामकुक्षी म्हणायचं.

गोळी शरीराच्या उबेने वितळावी अशीच घडवलेली असते. पूर्वापार त्यासाठी कोको बटर वापरतात, म्हणजे चॉकलेटमधलीच चरबी. मे महिन्यात आमच्या घराची ऊब शरीरापेक्षा जास्त, म्हणून गोळ्या फ्रीजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात. हिने पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आजोबांचं. खाऊ नये.’ तेव्हापासून आजोबा चॉकलेट लपवून एकटेच खातात, असं नातवाचं ठाम मत आहे.

या गोळीने मूळव्याध जात नाही. आतलं लिग्नोकेन ठणका बधिर करतं, स्टिरॉइड सूज आणि खाज उतरवतं. तेही थोडेच दिवस घ्यायचं, नाहीतर तिथली कातडी पातळ होते. पण पहिल्या रात्री ठणका थांबला तेव्हा मला आई आठवली. ती नेहमी उभ्याने जेवायची. ओट्यापाशी ताट, एका पायावर भार. आम्ही तिच्या कामसूपणाचं कौतुक करायचो, पाहुण्यांनाही सांगायचो. धाकट्याच्या वेळेपासून तिला हा त्रास होता, हे मावशीने ती गेल्यावर सांगितलं. ताकावर आणि सुरणाच्या भाजीवर तिने वर्षं काढली. घरात सायकलच्या वंगणापासून सगळ्याला पैसे होते. तिला कोणी विचारलं नाही, आणि सांगणं तिला शोभलं नसतं.

याचा मला राग येतो. भिंती मात्र ‘मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन’ म्हणून ओरडत असतात आणि माणसं गुपचूप तिकडे जातात. रक्त पडलं की मूळव्याधच, असं धरून चालतात. आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडतं, हे तपासल्याशिवाय कळणार कसं?

परवा व्याख्यानमालेत आयोजक सारखे, "सर, बसून बोला ना," म्हणत होते. शेवटी मी कारण सांगितलं. माइक चालू होता. सभागृह गप्प झालं, मग पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. कार्यक्रम संपल्यावर ज्ञानेश्वरीबद्दल शंका विचारायला कोणीच आलं नाही. एक निवृत्त प्राचार्य तेवढे मला हळूच खांबाआड घेऊन गेले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "ती गोळी... टोक कुठलं आधी हो?"

मी १९९१ पासून सुरुवात केली.