भाऊजी, तुमच्या मोबाइलात माझा आवाज आहे

भाऊजी,

समोर बोलायला गेले की तुम्ही हसण्यावारी नेता, म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे. दिवाळीला तुम्ही बोलका स्पीकर आणलात. पैसे तुमचे, वायफाय तुमचं, खातंही तुमच्याच नंबरावर. पण ठेवलात कुठे? सुरतेत, डिंडोलीतल्या आपल्या रो-हाउसच्या पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी. त्या खोलीत सहा माणसं जेवतात, भांडतात, झोपतात. सहा माणसांच्या खोलीत तुम्ही एकट्याचा कान लावून ठेवलात.

परवा जेवताना तुम्ही मोबाइल काढलात आणि सगळ्यांना वाचून दाखवलंत, "बघा, वहिनी दुपारी पावणेतीनला काय विचारत होत्या! सूरत से अमलनेर की गाड़ी कितने बजे है." पोरं हसली. सासूबाईंनी मान वर केली. तुमच्या दादांच्या हातातला घास तसाच राहिला.

त्या दुपारी माझ्या पुढ्यात साड्यांचा गठ्ठा होता. धागा कटिंगचं काम, संध्याकाळी माल परत द्यायचा होता. कात्री एका हातात, पदर दुसऱ्या हातात, मोबाइल आतल्या खोलीत. माझ्या आईला बरं नाही असा सकाळी अमळनेरहून फोन आला होता. जायचं की नाही ते माझंच ठरलं नव्हतं. तुमच्या दादांना सांगितलं असतं तर ते पाळी सोडून निघाले असते आणि रोज बुडला असता, म्हणून गप्प बसले होते. रिकाम्या खोलीत तोंडून एक प्रश्न निघून गेला. तुम्ही त्याची घरभर दवंडी पिटलीत, आणि त्या रात्री तुमच्या दादांनी मला विचारलं, "माझ्यापासून काय लपवतेस?"

तुम्ही म्हणालात, "मी थोडाच कान लावून बसलो होतो, ते आपोआप येतं." येतं, खरं आहे. हाक ऐकली की यंत्र जागं होतं, पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि ज्याच्या नावाचं खातं त्याच्या ॲपमध्ये तारीख-वेळेसकट जमा होतं, अक्षरांत आणि आवाजातही. पण ते उघडून ताटावर वाचणं आपोआप होत नाही. ते बोट तुमचं होतं. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडू नये हे तुम्हाला ज्या आईने शिकवलं, तिच्यासमोर तुम्ही हे केलंत.

आणि त्याच आईचं काय झालं? सासूबाई त्या स्पीकरच्या डबीसमोर बसून म्हणाल्या, "कानबाईनं गानं लाव ना माय." डबीने हिंदीत उत्तर दिलं की समजलं नाही. त्यांनी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा पोरांनी त्यांची नक्कल केली आणि तुम्हीही हसलात. त्यानंतर त्या डबीशी बोललेल्या नाहीत. आपल्या डिंडोलीत, नवागामात, लिंबायतीत, उधन्यात खान्देशातून आलेल्यांची घरंच्या घरं आहेत. श्रावणात कानबाई बसते तेव्हा गल्लीगल्लीत रोट होतात. 2011 च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे 18 लाखांहून जास्त मोजले गेले, मराठी बोलणारे 8 कोटींच्या वर. ॲमेझॉनचा हा स्पीकर भारतात 2017 ला आला, 2019 ला हिंदी बोलू लागला. सासूबाईंची बोली त्याला येत नाही हा सासूबाईंचा दोष नाही. कमीपणा मात्र त्यांच्या वाट्याला आला, आणि तो तुम्ही येऊ दिलात.

सासूबाईंच्या माहेरापासून आसोदं फार लांब नाही. तिथल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या बोलायच्या, आणि मुलाने, सोपानदेवांनी, ते लिहून ठेवलं. त्या 1951 ला गेल्या, गाणी पुस्तकात आली 1952 ला. घरातल्या बाईचा आवाज असाही जपला जातो, भाऊजी. तुमच्याकडेही घरातल्या दोन बायकांचा आवाज साठलेला आहे. तुम्ही तो हसण्यासाठी वापरलात.

पोरांचंही ऐका. ती दिवसभर त्या डबीला वाटेल ते विचारतात. अमेरिकेत 2023 च्या मे महिन्यात, मुलांचे आवाज साठवून ठेवले, आईबापांनी सांगूनही नीट पुसले नाहीत, या आरोपावरून ॲमेझॉनने अडीच कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं. म्हणजे हा काही माझ्या मनचा संशय नाही.

मी डबी फेकून द्या म्हणत नाही, पण एवढं करा. तुमच्या दादांची रातपाळी असली की ते सकाळी येऊन त्याच खोलीत झोपतात. बारा तास लूमच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस आहे तो. ते झोपलेले असताना तुम्ही मार्केटमधून मोबाइलवरून डबीवर गाणी लावायची नाहीत. दुपारी डबीवरचं माइकचं बटण बंद राहील, आणि ते मी बंद करीन. प्रत्येकाच्या आवाजाची वेगळी ओळख बसवता येते, ती बसवा. जुनं सगळं माझ्यासमोर पुसा, आणि पुढचं ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जाईल अशी सोय ॲपमध्येच आहे, ती चालू करा. सासूबाईंच्या शेजारी बसून कानबाईची गाणी तुमच्या हाताने शोधून लावा. आणि त्या रात्रीबद्दल तुमच्या दादांशी तुम्ही स्वतः बोला. माझ्या आईच्या दुखण्याची गोष्ट मी त्यांना सांगितली आहे, तुमची बाजू तुम्ही सांगा.

शुक्रवारी मी अमळनेरला जाते आहे. गाडीची वेळ काल उधना स्टेशनावर जाऊन खिडकीवर विचारून आले.

तुमची वहिनी