कुलपाचा संसार

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. राहून पाहावं, असं कोणी म्हटलेलं नाही. आमच्या जवळा बाजार या गावात ही म्हण तंतोतंत पाळली जाते. हळदीला भाव लागला की स्लॅब पडतो. खाली चकचकीत फरशी, वर स्टीलचा कठडा, दारावर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. आई-वडील मात्र नातवाच्या क्लासपायी नांदेडच्या फ्लॅटमध्ये, आणि मुलगा-सून पुण्यात, तिसऱ्या घराचे हप्ते फेडत. आशीर्वादाची किल्ली शेजारच्या मावशींकडे. त्या दिवाळीआधी कबुतरांना हुसकावतात. भाऊबीज झाली की कबुतरं परत नांदायला येतात.

यात आमचं गाव काही जगावेगळं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी निघाली. २०१२ मध्ये सरकारी अभ्यासगटानं शहरांतली घरांची तूट सांगितली सुमारे १ कोटी ८८ लाख. म्हणजे अर्ध्याहून जास्त तूट कुलपाआड सुखरूप होती.

प्राप्तिकर खात्याचं मनही मोठं. रिकाम्या दुसऱ्या घराचं भाडं मिळालंच असं धरून पूर्वी कर लागे. २०१९ च्या अर्थसंकल्पानं दुसरं घरही ‘स्वतः राहण्याचं’ मानलं. एक देह, दोन मुक्काम, हा चमत्कार पूर्वी फक्त संतचरित्रांत घडायचा.

इकडे घरकुलाच्या यादीत नंबर लागायची वाट पाहणारा गडी पत्र्याखाली झोपतो आणि दोन बंगल्यांची राखण करतो. भाड्यानं का देत नाही, असं मालकाला विचारावं, तर उत्तर तयार : “भाडेकरू घर खराब करतात.” खरंच आहे. माणसं राहिली की घराची रयाच जाते.