दोन दारं आणि मामांची सीट

मे २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूने ‘एम-टू’ ही आटोपशीर कूपे भारतात ९८ लाखांना आणली. आटोपशीर फक्त दिसायला. इंजिन तीन लिटरचं, ताकद ४६० अश्वशक्ती, आणि शून्यावरून शंभरवर जायला ऑटोमॅटिकमध्ये ४.१ सेकंद. गाडी परदेशातून तयार होऊन येते, म्हणून महाराष्ट्रात तिला २० टक्के रस्ता-कर. म्हणजे आरटीओत साडेएकोणीस लाखांच्या वर मोजायचे. तेवढ्यात इथल्या बनावटीची, सात माणसं पोटात घेणारी गाडी दारात येते. कोथरूडमधल्या, सोसायटीच्या कमिटीवर असलेल्या एखाद्या पन्नाशीच्या सद्गृहस्थाला कूपेचा मोह झाला, की घरात पहिलं वाक्य हेच निघतं. ते सासरेबुवांचं असतं.

सासरेबुवांना द्यायला एकच उत्तर आहे आणि ते विम्याच्या कोष्टकात सापडतं. थर्ड पार्टीचा हप्ता फक्त इंजिनाचा आकार बघतो. १५०० सीसीच्या वरची खासगी मोटार कुठलीही असो, २०२२ च्या दरांनुसार वर्षाला ७,८९७ रुपये. शिर्डीला निघालेली घरची इनोव्हा आणि ४६० घोड्यांची एम-टू तिथे एकाच रांगेत उभ्या. स्वस्ताईच्या खात्यातला कूपेचा हा पहिला मुद्दा आणि शेवटचाही. कारण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता किमतीवर ठरतो, आणि त्यासाठी पुणं मुंबई-दिल्लीच्या बरोबरीने ‘झोन ए’मध्ये मोडतं. मुंबईची बरोबरी झाली, यावर पेठांमध्ये समाधान मानायला हरकत नाही.

आता वेग. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा. टोलनाका सुटला की ४.१ सेकंदांत मजा उरकते. उरलेला प्रवास उजव्या लेनमधून तब्येतीत चाललेल्या ट्रकच्या मागे, त्याच्या पाठीवरचं वाङ्मय वाचत. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर १२० ची मुभा आहे, पण त्यासाठी नागपूरला काहीतरी काम काढावं लागतं. कूपेवाले काढतातही. ‘जरा संत्री घेऊन येतो.’

खरी परीक्षा मात्र घराजवळच्या कोपऱ्यावर असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने गाडी अलगद पलीकडे जाते. बहुतेक कूपेंचं पोट जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटर वर. हिशेबाने दोन-तीन सेंटिमीटर शिल्लक राहतात. पण आपल्याकडचे गतिरोधक निकषातून जन्माला येत नाहीत, उरलेल्या डांबरातून येतात. त्यामुळे कूपेवाला गतिरोधक सरळ घेत नाही. तो आधी रस्त्याची डावी कड धरतो, नाक उजवीकडे वळवतो, पुढचं डावं चाक चढवतो, श्वास रोखतो, मग उजवं. मागची चाकं उतरेपर्यंत गाडीने अख्खा रस्ता आडवा अडवलेला असतो. मागचा रिक्षावाला हॉर्न देत नाही. तो उतरून वाकतो, पोटाखाली बघतो आणि ‘या, या, अजून या, बास!’ करत गाडी पार करून देतो. त्यातूनही ‘कर्र’ झालंच, तर टपरीवरची मंडळी कप खाली ठेवतात.

दारं दोनच, म्हणून ती लांब. स्टॅक पार्किंगच्या खांबांमध्ये साध्या गाडीचं दार निम्मं उघडलं तरी माणूस निसटतो. इथे तेवढ्याने फक्त गुडघा बाहेर येतो. आणि मागची सीट कंपनीने दिलेली आहे हे खरं, पण पुढची सीट ढकलून, पट्ट्याखालून वाकून तिथवर पोचलेल्या आजी पुन्हा उतरायला तयार होत नाहीत. चतुःशृंगीला त्या खालूनच हात जोडतात.

देशी खटपटही झाली, आणि तीसुद्धा शेजारीच. नव्वदच्या दशकाअखेर सॅन मोटर्सने गोव्यात, वेर्ण्याला, ‘स्टॉर्म’ ही दोन सीटांची छोटी गाडी काढली. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनोचं १.२ लिटरचं, ताकद साठेक अश्वशक्ती. ती आज बाजारात असती, तर १२०० सीसी आणि चार मीटरच्या आतली म्हणून सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत ४० ऐवजी १८ टक्क्यांत, अल्टोच्या मांडीला मांडी लावून बसली असती. विमा मात्र फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतो. जिचं सगळं अंगच फायबरग्लासचं, तिच्या मालकाने कुणाला ठोकण्याआधी हे वाचून ठेवलेलं बरं. मुंबईहून वेर्ण्याला नेणाऱ्या महामार्गाचं तर विचारूच नये. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम सुरू झालं २०११ साली, आणि मग गणपती जवळ आले की नवी मुदत. गाडी वेगवान असून भागत नाही, रस्त्यानेही थोडी घाई करावी लागते.

२०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत मोटारींचं रूप रेखाटणाऱ्या दिलीप छाब्रियांच्या डीसी कंपनीची ‘अवंती’ झळकली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २५० अश्वशक्ती, पुढे विक्रीला आली तेव्हा किंमत छत्तीस लाखांच्या आसपास. जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर! निदान या चित्रकाराने गतिरोधक डोळ्यांनी पाहिला होता.

एवढं सगळं माहीत असूनही सद्गृहस्थ कूपे घेतोच, कारण तिचा खरा गुण कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. ठाण्याला लग्न निघालं की सात सीटांच्या मालकाला फोन येतो: ‘तुम्ही निघालातच आहात, तर आम्हाला वाटेत घ्या.’ वाट म्हणजे हडपसर. कूपेवाल्याला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही, गाडीच म्हणते. भाचीचं सामान, मामींचा रुखवत, कुकरची पेटी, सगळं आपोआप दुसरीकडे वळतं. संकोची मराठी माणसाला नकाराचं एवढं सुबक यंत्र दुसरं मिळणार नाही, आणि त्यापुढे साडेएकोणीस लाखांचा कर थोडासा कमीच वाटू लागतो.

अडचण एवढीच, की रस्ते मोकळे मिळावेत म्हणून तो रविवारी पहाटे सहाला गाडीवरचं कव्हर काढतो. मामा नेमके तेव्हाच फिरायला निघतात. पुढची डावी सीट रिकामी दिसते. ‘जास्त नको, चौकापर्यंतच सोड,’ म्हणत ते दार उघडतात, आणि मग विचारतात, एसी कुठून लागतो.